एका बाईची पोच

१

लोअर हॅझलमध्ये कॉन्स्टेबल कोणी हौसेनं होत नाही. घरांच्या ओळीनं पाळी येते. यंदा पाववाल्याचं घर, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचं, असं चालत राहतं. पगार नाही, आभार नाहीत. आपला धंदा सांभाळून चोर धरायचे, दारुडे कोंडायचे आणि वर्षभर शिव्या खायच्या. मी खोगिरं शिवणारा माणूस. सतराशे सदतीस सालच्या ईस्टरला माझ्या घराची पाळी आली, तेव्हा पाद्रीसाहेबांना मी सरळ सांगितलं की हे मला जमायचं नाही. ते म्हणाले, जमत कोणालाच नाही, इनॉक, तरी गाव चाललंय ना.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी चर्चमध्ये टेबलावर तीन वस्तू ठेवतात. रंगवलेली काठी, बेड्या आणि आंधळीची किल्ली. आंधळी म्हणजे आमची कोठडी. गोल, दगडी, वर घुमट, एक दार आणि खिडकी नाही, म्हणून आंधळी. ती माझ्या परसाच्या भिंतीला चिकटून उभी आहे. तिच्या भिंतीत बंदुकीची एक जुनी नळी तिरकी बसवलेली आहे, बाहेरचं तोंड माझ्या परसात. आत कोंडलेल्याचे सोबती त्या नळीतून त्याला बिअर पाजतात. कायद्यात बसत नसेल, पण माझ्या आजोबांच्या वेळेपासून चाललंय आणि कोणी हरकत घेतलेली नाही.

माझ्या आधीचा कॉन्स्टेबल नेथन किलिक, पाववाला. लहानपणापासूनचा माझा दोस्त. मनानं चांगला, पण फुशारकी मारल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. त्या दिवशीही टेबलावर किल्ली ठेवताना तो सगळ्यांना ऐकवत होता की त्याच्या वर्षात एकाही परक्या बाईचं पोर गावात जन्मलं नाही. पोर ज्या हद्दीत जन्मेल त्या गावाचं होतं, आणि जन्मभर त्या गावानं ते पोसायचं असतं. म्हणून दिवस भरलेली कोणी फिरस्ती बाई दिसली, की कळा सुरू व्हायच्या आत तिला पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचं, हे कॉन्स्टेबलचं पहिलं काम. सगळे हसले. मीही हसलो, ते लपवत नाही.

मग रीत अशी की जुन्या आणि नव्या कॉन्स्टेबलनं मिळून आंधळीपर्यंत जायचं, जुन्यानं दार उघडायचं, नव्यानं आत बघायचं आणि आपल्या हातानं कुलूप लावायचं. पण त्या दिवशी दुपारपासून गारा पडत होत्या. मी नेथनला म्हणालो, "जाऊ दे रे, काय बघायचंय त्यात. चार भिंतीसुद्धा नाहीत, एकच आहे, तीही गोल."

नेथन "अरे पण इनॉक, ऐक" असं काहीतरी म्हणायला लागला. तेवढ्यात बाकीच्यांनी आम्हा दोघांना दंडाला धरून गुत्त्याकडे ओढलं, कारण नव्या कॉन्स्टेबलनं सगळ्यांना पाजायचं ही रीत मात्र कोणी चुकवत नाही. दुसऱ्या पेल्याला नेथनच्या हातातून पेला सुटला. त्याचा चेहरा एका बाजूनं खाली घसरला, आणि तो बाकावरून हळूच कलंडला. आम्ही त्याला उचलून घरी नेलं. तो वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्या रात्री मी त्याच्या उशाशी बसलो आणि पहाटे तिथूनच चामडं आणायला सॅलिसबरीला निघालो, कारण गाडीवाल्याशी आधीच ठरलं होतं. बहिणीकडे आठ दिवस राहिलो. गावाला आठवडाभर कॉन्स्टेबल नसला तर काय बिघडतंय, असं मला वाटलं. किल्ली माझ्या कोटाच्या खिशातच राहिली होती.

२

परत आलो त्याच दिवशी जोब लूडरनं दारूच्या भरात गुत्त्याची काच फोडली. त्याला धरून मी आंधळीकडे नेलं. माझ्या वर्षातलं हे पहिलंच काम, तेव्हा जरा रुबाबात किल्ली काढली. कुलूप धड होतं. दार उघडलं. आत कोणी नव्हतं, आणि कोणी असेल असं माझ्या मनातही नव्हतं.

एकच गोष्ट खटकली. बाकावरचं गवत कोणीतरी सगळं ओढून पलीकडच्या भिंतीशी नेलं होतं आणि मधे खोलगट जागा केली होती, कोंबडी अंड्यांवर बसायच्या आधी करते तशी. मला वाटलं, नेथनची टापटीप. पाववाल्याच्या हाताला स्वस्थ बसवत नाही. जोबला आत ढकललं, कुलूप लावलं आणि कामाला लागलो.

संध्याकाळी सहाला सोडायला गेलो तर जोब दाराला पाठ लावून ताठ उभा. सहा तास तो तसाच उभा असावा, कारण पाय थरथरत होते. दारू तर पार उतरली होती. मी विचारलं, "का रे, बसला का नाहीस? बाक आहे, गवत आहे."

"बसायला जागा कुठे होती?" जोब म्हणाला.

एवढंच म्हणाला आणि चालायला लागला. त्या दिवसापासून तो आमच्या गावात प्यायला नाही, अडीच मैल चालून दुसऱ्या गावी जातो. ही गंमत मी गुत्त्यात सांगितली तेव्हा कोणी हसलं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही, कारण हातात काठी आल्यापासून माझ्या कुठल्याच गोष्टीला कोणी हसत नव्हतं. मी आत शिरलो की बोलणी थांबायची. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं पत्ते कुटले ते आता बाकावर सरकून जागा द्यायचे, नको इतकी. कोणाचं पोर सफरचंदं चोरतं, कोण सशांचे फासे लावतो, हे आता माझ्यासमोर बोलायचं नाही असं सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं होतं. जूनपर्यंत मी गुत्त्यात जाणंच सोडलं.

घरीही कोण होतं. माझी बायको हेस्टर जाऊन आठ वर्षं झाली. बाळंतपणात गेली, पोरही तिच्याबरोबरच गेलं. त्याला नाव ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. लोक म्हणायचे दुसरं लग्न कर. मी म्हणायचो करीन, आणि खोगिरं शिवत राहायचो.

३

दुपारी चारला मी हातातलं काम ठेवतो आणि परसात बसून एक पेला बिअर पितो. ही माझी सवय हेस्टर असल्यापासूनची. जूनमधल्या एका दुपारी पेल्यात दोन घोट उरले होते. समोर नळीचं तोंड दिसत होतं. उगाच गंमत म्हणून मी ते दोन घोट नळीत ओतले आणि म्हणालो, "घे, कोण असशील ते."

नळीचं आतलं तोंड दगडी फरशीच्या वर हातभर उंच आहे. ओतलेलं खाली टपटपतं, ते बाहेर ऐकू येतं. लहानपणापासून मला तो आवाज माहीत. मी कान लावून बसलो, आणि टपटपलं नाही. थोड्या वेळानं आतून गिळल्याचा आवाज आला, एकदाच.

मी किल्ली घेऊन गेलो, दार उघडलं. कोठडी रिकामी. नळीखालची फरशी कोरडी. मी स्वतःला समजावलं की दोन घोट असतात किती, नळीतल्या गंजानंच शोषले असतील. गिळण्याचं म्हणाल तर दगडी घुमटात वाऱ्याचे नाना आवाज होतात. हे सगळं खरं वाटण्यासारखं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी पेल्यात मुद्दाम अर्धी बिअर उरवली.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला ते आवडायला लागलं. चार वाजले की मी नळीपाशी स्टूल नेऊन बसायचो. आधी मी प्यायचो, मग नळीत ओतायचो, आणि मग दिवसभरात काय काय झालं ते सांगायचो. लगाम कसा तुटला, जमीनदाराचा माणूस कसा घासाघीस करतो, पाद्रीसाहेब प्रवचनात कसे अडखळले. कधी कधी नळीतून ऊबदार वारा गालाला लागायचा आणि थांबायचा, पुन्हा लागायचा. दगड दिवसभर तापतो, आतली हवा बाहेर येते, असं मी म्हणायचो. तीन महिने माझ्याशी कोणी कामाशिवाय बोललं नव्हतं. ऐकून घेणारं कोणी आहे असं वाटण्यात काय वाईट आहे, असंही म्हणायचो.

ऑगस्टमध्ये दुसरा आवाज सुरू झाला. बारीक, चिरका, मधूनच लागणारा. मी मांजराचं पिल्लू समजलो. कुठल्या फटीतून आत पडलं असेल म्हणून आंधळीचा कोपरा न कोपरा पाहिला, गवतही उचलून झटकलं. पिल्लू नव्हतं. गवत पुन्हा होतं तसं ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. पण बाहेर पडताना पाहिलं तर ते मी त्याच भिंतीशी, त्याच खोलगट आकारात ठेवलं होतं.

परसात आलो तर पुन्हा तो आवाज. मी टोचा हातात घेऊन कामाला बसलो आणि हेस्टर भाकरी भाजताना गुणगुणायची ते काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणू लागलो. आवाज थांबला. मी गप्प झालो तर पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवसापासून मी बिअरच्या जोडीला थोडं दूधही विकत घेऊन नळीत ओतायला लागलो. गवळणीनं विचारलं तर म्हणालो, मांजर पाळलंय.

४

दर रविवारी चर्चमधून सुटलो की मी नेथनकडे जायचो. तो खिडकीशी खुर्चीत बसलेला असायचा, गुडघ्यांवर घोंगडी, तोंडातून लाळ. डावा हात मात्र चालायचा. मी समोर बसलो की तो हात वर करायचा, बोटं जुळवायचा आणि मनगट फिरवायचा. पुन्हा पुन्हा फिरवायचा, आणि डोळे माझ्यावरच.

त्याची बायको मर्सी म्हणायची, "पीठ मळतात हो. तीस वर्षांची सवय. तुम्ही आलात की जास्तच चढतं त्यांना." मला ते पटलं होतं. मीही दर वेळी त्याला सांगायचो, हो हो नेथन, झकास मळलंय.

सप्टेंबरमध्ये कपडे धुणारी डॉर्कस पॉट माझ्याकडे एक पट्टा शिवून घ्यायला आली. गल्लीत तिचं घर आंधळीच्या समोर. बोलता बोलता म्हणाली, "हल्ली तुमच्या आंधळीत शांतता असते, कॉन्स्टेबलसाहेब. ईस्टरच्या आठवड्यात मात्र तुम्ही कोणाला तरी फार रडवलंत."

मी म्हणालो, ईस्टरच्या आठवड्यात मी गावातच नव्हतो. ती म्हणाली, ते तिला काय माहीत. बाई रडत होती, दार बडवत होती, पाच-सहा दिवस तरी. गल्लीतल्या सगळ्यांनीच ऐकलं. मग कोणी आलं का नाही माझ्याकडे, कोणी विचारलं का नाही?

"विचारायचं काय त्यात?" डॉर्कस म्हणाली. "कोंडलंय म्हणजे कोंडणाऱ्याला ठाऊक असेल, असं वाटलं. कॉन्स्टेबलचं काम कॉन्स्टेबल बघेल."

मी तो पट्टा तसाच टाकला आणि नेथनकडे गेलो. मर्सीला बाहेर पाठवलं. त्याच्या समोर गुडघ्यांवर बसलो आणि विचारलं, "नेथन, मंगळवारी आत कोणी होतं का?"

त्याचा हात थांबला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच थांबला. एका डोळ्यातून पाणी वाहू लागलं, दुसऱ्याची बाजू लुळी होती.

मी म्हणालो, "पण तू तिला सोडलं असशील. चर्चला यायच्या आधी तूच सोडलंस ना? कारण मी दार उघडलं तेव्हा आत कोणी नव्हतं. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली एकच आहे. सोडलं असलंस तर हात फिरव."

त्यानं हात वर केला आणि फिरवला, उजवीकडे. आंधळीची किल्ली उजवीकडे फिरवली की बंद होते आणि डावीकडे फिरवली की उघडते. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. तो कितीतरी वेळा फिरवत होता आणि एकदाही डावीकडे नेत नव्हता. पीठ मळणारा हात दोन्हीकडे जातो, हे इतके महिने माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घरी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. परसात न जाता मी आतल्या खोलीत दार लावून बसलो. भिंतीपलीकडून तो बारीक आवाज येत होता, आणि त्याला कोणीतरी हळू हळू थोपटत होतं. हे मी कल्पनेनं ऐकलं असं म्हणायला मी तयार आहे. पण माझ्या हेस्टरला तेवढं थोपटायलाही मिळालं नव्हतं, आणि मला रडू कोसळलं.

५

फेब्रुवारीत वरच्या स्टॅनवेल गावचा कॉन्स्टेबल राल्फ टिझार्ड घोड्यावरून आला. गुबगुबीत, हसरा माणूस. त्यानं आपल्या थैलीतून एक कागद काढला आणि माझ्या कामाच्या फळीवर ठेवला.

फिरस्त्यांना त्यांच्या मूळ गावी पाठवायचं असलं की एक गाव दुसऱ्याच्या हाती देतं, दुसरं तिसऱ्याच्या, आणि दर वेळी घेणारा देणाऱ्याला पोच लिहून देतो. कागद नेथनच्या हातचा होता. राजे जॉर्ज यांच्या नावानं, ईस्टरनंतरच्या मंगळवारी दुपारी बाराला, स्टॅनवेलच्या कॉन्स्टेबलकडून मिळाली एक बाई, नाव कीझाया. खाली नेथनची सही. टिझार्ड म्हणाला, तुमच्या पुढचं गाव मार्डन, आणि मार्डनच्या वहीत ही बाई आलेलीच नाही. न्यायाधीशांच्या कारकुनानं खुसपट काढलं आहे. स्टॅनवेलनं दिली, हॅझलनं घेतली, मग गेली कुठे?

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मग ती तुमच्याकडेच आहे," टिझार्ड म्हणाला. "कागद तसंच म्हणतो. मार्डनची पोच आण आणि मोकळा हो. नाहीतर एप्रिलमध्ये न्यायाधीशांपुढे उभा राहा आणि बाई दाखव."

मी विचारलं, ती दिसायला कशी होती. त्याला आठवत नव्हतं. करडा झगा होता, पायात काही नव्हतं. एवढं मात्र आठवत होतं की तिचे दिवस भरले होते. "वाटेतच बाळंत होते की काय अशी भीती. जवळजवळ पळवतच आणली तिला तुमच्या हद्दीत," असं म्हणून तो मनापासून हसला. या खेपेला मी हसलो नाही.

तो गेल्यावर सगळं माझ्यापुढे स्वच्छ उभं राहिलं. नेथननं तिला बाराला घेतलं. तीनला चर्चमध्ये हजर राहायचं होतं, मार्डन चार मैल, म्हणून तिला आंधळीत ठेवलं. नवा कॉन्स्टेबल रीतीप्रमाणे दार उघडून बघेल आणि संध्याकाळच्या आत तिला पुढे नेईल. तेच तो मला सांगत होता. नेणं माझं काम होतं. मला गारा लागत होत्या.

न्यायाधीशांची मला भीती नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही होती की ती अजून तिथे होती, आणि ईस्टरनंतरच्या मंगळवारी मी किल्ली दुसऱ्याच्या हाती देणार होतो. पुढची पाळी ज्याची, त्या लोहाराला नळीत काही ओतायची सवय नव्हती.

६

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी मी स्वच्छ कागदावर रवानगी लिहिली. लोअर हॅझलच्या कॉन्स्टेबलकडून मार्डनच्या कॉन्स्टेबलकडे, एक बाई, नाव कीझाया. वाळू टाकून शाई सुकवली. अंगात चर्चला जायचा कोट घातला, काठी घेतली आणि आंधळीचं दार उघडलं.

उन्हाचा पट्टा आत फरशीवर पडला. रिकामं. मी दारातून बाजूला झालो आणि म्हणालो, "चल बाई. उशीर झाला. चूक माझी आहे."

मग मी वळलो आणि चालू लागलो. मागे वळून बघायचं नाही एवढं ठरवलं होतं. पाठीमागे पावलं वाजत नव्हती, पण अनवाणी पावलं ओल्या वाटेवर वाजतही नाहीत. मी नेहमीपेक्षा हळू चालत होतो. का, ते मला विचारू नका. चढ लागला की थांबत होतो आणि मग पुन्हा निघत होतो. वाटेत मेंढ्यांचा एक कळप आला तो दोन्हीकडे फाटला, मला जेवढी जागा हवी होती त्याच्यापेक्षा खूप जास्त सोडून. एक गाडीवाला समोरून आला. त्यानं मला मान लववली, पाठोपाठ बाईमाणसापुढे काढतात तशी टोपी काढली, आणि मग गोंधळल्यासारखं करून पुन्हा घातली.

मार्डनचा कॉन्स्टेबल सायलस गफ आपल्या बागेत कुंपण बांधत होता. हा चेष्टा करणारा माणूस नव्हे. त्याला हसताना त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल. मी फाटकाबाहेर उभा राहून कागद पुढे केला. वाटभर मी मनाशी घोकत आलो होतो की तो मला वेडा म्हणेल, मग मी त्याला सगळं सांगेन, हातापाया पडेन, आणि निदान एक पोच मागेन.

सायलसनं कागद वाचला. मग मान वर करून माझ्या डाव्या बाजूला पाहिलं, बराच वेळ. मी पाहिलं नाही. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो, आणि त्याचं तोंड हळूहळू आंबट होत गेलं.

"कागदावर एकच लिहिलंय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "एकच आहे."

"मग तिच्या कडेवर आहे ते काय?"

सायलस म्हणाला की हे त्याला चांगलं ठाऊक आहे, हॅझलवाले नेहमीच असं करतात, पण या खेपेला जमायचं नाही. स्टॅनवेलची रवानगी त्यानंही पाहिली आहे, तीत पोर नव्हतं. म्हणजे जन्मलं कुठे ते उघड आहे.

"तुमच्या हद्दीत जन्मलं, ते तुमचं," सायलस म्हणाला. "बाई मी घेतो. ते तुम्ही परत न्या."

त्यानं फाटकाच्या खांबावर कागद टेकवून पोच लिहिली, एका बाईची. मग फाटक उघडून धरलं. मी खाली मान घातली, आणि तेवढ्यात दिसलं. चिखलानं जड झालेल्या करड्या कापडाचं टोक फाटकाच्या खिळ्याला अडकलं, ताणलं गेलं आणि सुटलं. पलीकडचं गवत थोडं थोडं दबत गेलं. ती लगेच गेली नाही. दोन पावलांवर थांबली, माझ्या दिशेनं परत आली, आणि फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. माझा डावा हात आपोआप वाकला, कोणी काही देताना वाकतो तसा. मी नको म्हणालो नाही.

मी जन्मभर खोगिरं उचलत आलोय, वजन मला हातानं कळतं. हे लहानशा रिकाम्या खोगिरापेक्षाही हलकं होतं, आणि ऊबदार होतं.

सायलसनं फाटक लावलं आणि तो पुन्हा कुंपण बांधायला लागला.

७

तीनच्या आत मी चर्चमध्ये पोचलो. काठी ठेवली, बेड्या ठेवल्या, किल्ली ठेवली, मार्डनची पोच पाद्रीसाहेबांना दिली. त्यांनी ती वहीत चिकटवली आणि म्हणाले, चला, हे बरं मिटलं. लोहार म्हणाला, बाहेर ऊन छान आहे, पण आंधळी काय बघायची, गुत्त्यातच जाऊ. मी म्हणालो, आधी आंधळी. त्याला मनगटाला धरून नेलं, दार उघडायला लावलं, आत बघायला लावलं. कोठडी रिकामी होती. गवत बाकावर सपाट पसरलं होतं. मी ते पसरलं नव्हतं.

त्यानंतर नळीतून कधी काही आलं नाही. बिअर ओतली की आत टपटपते. पहिले काही महिने मी चारला सवयीनं स्टूल घेऊन बसायचो, मग सोडून दिलं. नेथन त्याच उन्हाळ्यात गेला. शेवटच्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की बाई मार्डनला पोचली. त्यानं ऐकलं आणि हात उचलला नाही. दुसरं मी त्याला सांगितलं नाही. गावात कोणालाच सांगितलेलं नाही. परक्या बाईचं पोर गावात आहे असं कळलं तर यांना काय वाटेल ते मला माहीत आहे.

आता लोक पुन्हा माझ्याशी बोलतात, गुत्त्यात जागा करून देतात, पण मी अंधार पडायच्या आत उठतो. दूध अजून रोज घेतो. गवळण म्हणते, तुमचं मांजर कधी दिसत नाही हो. मी म्हणतो, लाजाळू आहे. शिवायला बसलो की हेस्टरचं ते गुणगुणणं माझ्या तोंडात येतं, आणि मधेच थांबलो तर गुडघ्याशी कोटाला हिसका बसतो. पहिलं वर्ष ते हातावरच असायचं. या ईस्टरला दोन वर्षं झाली.

संध्याकाळी परसातून आत येताना मी दार लगेच लावत नाही. ते अजून हळू चालतं.